सपाता घातलेला माणूस

*कलम १. वेंडेल क्रॉफ हा एरी शहरात वकिली करतो आणि या प्रकरणात प्रतिवादीचा वकील आहे.*
मान्य.

बर्निस हॉलाक शिडीवर चढून स्वतःच्याच दुकानाच्या पाटीवर चादर बांधत होती. चादर पलंगावरची होती, फुलाफुलांची. खाली तिचा नवरा स्टॅन शिडी धरून उभा होता. त्याच्याही मागं, कुणी विचारलंच तर आपण या लोकांबरोबर नाही असं म्हणता येईल इतक्या अंतरावर, वेंडेल उभा होता.

पाटीवर एकच शब्द होता. गोर्नी. बर्निसच्या आईनं या नावानं हयातभर स्पंज कँडी, म्हणजे चॉकलेटात बुडवलेली जाळीदार साखरेची वडी, विकली. आई गेली आणि धाकटा भाऊ कॅझ गोर्नी यानं तेच नाव स्वतःच्या नव्या दुकानासाठी सरकारदरबारी नोंदवलं. मग बहिणीनं ते वापरू नये म्हणून फेडरल कोर्टात दावा लावला. दाव्याला उत्तर आलं नाही, म्हणून कोर्टानं एकतर्फी निकाल दिला. आईचं नाव आता बर्निसचं नव्हतं.

"उत्तर कुठून देणार?" बर्निस वरून म्हणाली. "दावा लागलाय हेच मला निकाल आल्यावर कळलं."

"चादरीला निदान इस्त्री तरी करायची," मागून आवाज आला.

वेंडेलनं मदतीला बोलावलेली ऑपल डेंट्री आली होती. अर्धं आयुष्य तिनं फेडरल कोर्टाच्या कचेरीत कागदांवर शिक्के मारले होते. आता ती खासगी तपास करायची. हातात पेपरोनी सॉसेज भरलेल्या गोल पावांची पिशवी होती आणि त्यातला एक पाव तोंडात.

"गुरुवारी सुनावणी," वेंडेल घाईनं म्हणाला. "निकाल रद्द करा असा अर्ज मी केलाय. समन्स आमच्यापर्यंत पोचलंच नाही."

"आणि समन्स बजावणारा काय म्हणतो?"

"मार्लन टिबेट्स. त्यानं शपथेवर लिहिलंय की ईस्टरच्या दोन आठवडे आधी, शुक्रवारी संध्याकाळी यांच्या घरी गेलो, बाजूच्या दारात एका प्रौढ माणसाच्या हातात कागद दिले आणि तो माणूस तिथंच राहतो."

"कायद्याला तेवढं पुरतं. घरात राहणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसाच्या हातात दिलं की पोचलं."

"पण तेव्हा घरात कुणी नव्हतंच! तो खोटं बोलतोय. मी अर्जात तसं स्पष्ट लिहिलंय."

ऑपलनं पाव चावायचा थांबवला. "स्पष्ट म्हणजे?"

"'टिबेट्स यांनी ही बजावणी घरी बसून रचलेली आहे.'"

"आणि खाली तुमची सही."

"अर्थात."

*कलम ४. सही करण्यापूर्वी वेंडेल क्रॉफनं टिबेट्स यांच्याकडे चौकशी केली होती.*
अमान्य.

हे उत्तर ऑपलनं गाडीत बसल्यावर काढून घेतलं. अर्जावर वकिलाची सही म्हणजे 'मी शक्य ती चौकशी करून हे लिहितोय' असा कोर्टाला दिलेला शब्द. वेंडेलला हे पाठ होतं. त्यानं साधा फोनसुद्धा केला नव्हता.

"असे बोगस बजावणारे खूप असतात," तो म्हणाला.

"असतात की. आळशी वकीलही खूप असतात. म्हणून मी तुम्हाला आळशी लिहून सही ठोकू का?"

वेंडेल खिडकीबाहेर बघू लागला. सरोवरावर ऊन होतं. त्याचे कान तापले.

"हे बघा वेंडेल, दाव्यातल्या प्रत्येक कलमाला उत्तराच्या जागा तीन. मान्य, अमान्य, माहिती नाही. आणि तोंडच उघडलं नाही तर?"

"मान्य धरतात."

"बर्निसच्या बाबतीत तेच झालं. ती गप्प राहिली असं कोर्टाला वाटलं. खरं कोण गप्प राहिलं, ते शोधायचं."

हॉलाकांच्या घराच्या पुढच्या पायऱ्या नव्या होत्या, लाकूड अजून पिवळं. "मी केल्यात," स्टॅन अभिमानानं म्हणाला. "त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी जुन्या उखडल्या, रविवारी नव्या ठोकल्या. शेजाऱ्यांनी शिव्या घातल्या, पण काम फक्कड झालं."

"तरी आपण बाजूच्या दारानंच जातोय," ऑपल म्हणाली.

"पुढचं दार पाद्रीबाबांसाठी आणि शवपेटीसाठी," बर्निस म्हणाली. "बाकीचे बाजूनं."

बाजूच्या दाराबाहेर जाळीचं पाखं, म्हणजे दुसरं हलकं दार, होतं. वेंडेलनं ओढलं, ढकललं, पुन्हा ओढलं. ते हललं नाही. आतून एक भलामोठा कुत्रा त्या जाळीवर झेपावला आणि वेंडेल दोन ढांगांत अंगणात पोचला.

"बिशप! खाली बस मेल्या!" बर्निसनं गुडघ्यानं पाखं जरासं उचललं, ते मुकाट्यानं उघडलं. "सगळ्यांशी असाच वागतो. पोस्टमनला तर दोनदा धरलाय."

"त्याला कुणीच आवडत नाही?"

"मी, बर्निस आणि आई," स्टॅन म्हणाला. "आई तर गेली."

दाराच्या आत एक टोपली होती. बर्निसनं काही न बोलता त्यातून राखाडी लोकरीच्या सपातांचे दोन जोड काढून त्यांच्यापुढं ठेवले. पोलिश घरात बूट दाराशी राहतात, मग तुम्ही वकील असा की खरोखरचे बिशप. वेंडेलनं बूट काढले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. त्यानं तो लपवण्यासाठी एवढ्या घाईनं पाय सपातेत घातला की ऑपलला हसू आलं.

"सगळे जोड एकाच मापाचे?"

"आईनं ठोकभावात घेतले होते. कुणाला मोठे, कुणाला लहान. पाहुण्यांनी तक्रार करायची नसते."

"आणि तुमच्या स्वतःच्या?"

"आमच्या वर, जिन्यापाशी."

स्वयंपाकघरात कॉफी आली. त्या संध्याकाळी दोघं चर्चच्या सभागृहात होते. उपासाच्या दिवसांतला शुक्रवार. अख्खी वस्ती तिथं तळलेले मासे खायला जमते. स्टॅन कढईवर होता, बर्निस कोबीची कोशिंबीर वाढत होती.

"म्हणजे स्टॅन मधे घरी येऊन गेले असं नाही?" ऑपलनं विचारलं.

"माझी कढई सोडून? फादरनी मला वाळीत टाकलं असतं."

बर्निस हसली नाही. तिनं नवऱ्याच्या कपात कॉफी ओतली, पण त्याच्याकडे न बघता. फ्रिजवर एक फोटो होता: म्हातारी आई खुर्चीत, मांडीवर कुत्र्याचं पिल्लू, आणि मागं हसणारा एक उंच माणूस.

"कॅझ," बर्निस म्हणाली. "पिल्लू त्यानंच आणलं होतं तिला." आणि तिनं कप उचलून नळाखाली धरले.

स्टॅन त्यांना गाडीपर्यंत सोडायला आला. "एक विचारू? मी कागद घेतले आणि भीतीनं लपवले, असं काही... म्हणजे बर्निस तसं म्हणत नाही. पण ती हल्ली माझ्याशी हवामानाबद्दलच बोलते."

*कलम ७. टिबेट्स हे खोटारडे आहेत.*
माहिती नाही.

टिबेट्स घरामागं उलट्या घातलेल्या होडीला रंग देत होता. जन्मभर शाळेची बस चालवलेला, लहान चणीचा माणूस. वेंडेलनं नाव सांगताच त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"तुम्हीच ते का?"

"हो."

"माझा नंबर प्रतिज्ञापत्रावर होता. खाली, सहीशेजारी."

वेंडेल डब्यावरच्या ब्रशकडे बघू लागला.

"तुमचा अर्ज कचेरीत पोचला आणि तेव्हापासून मला एक काम मिळालेलं नाही. त्याचं जाऊ द्या. माझी मुलगी वाचते असले कागद. तिनं विचारलं, 'बाबा, तुम्ही गेला होतात ना?' तिनं विचारलं मला."

ऑपल होडीशेजारी उपड्या बादलीवर बसली. "मलाही सांगा, मिस्टर टिबेट्स. तिला सांगितलंत तसं."

त्यानं सांगितलं. पुढून चढायला काही नव्हतं म्हणून बाजूला गेलो. कुत्रा भुंकला नाही. तो त्या माणसाच्या पायाला अंग घासत उभा होता. माणसानं खाली न बघता गुडघ्यानं पाखं उचललं. टोपी कपाळावर ओढलेली.

"चेहरा ओळखाल?"

"मी चेहऱ्याकडे बघत नाही, बाई. कुणाच्या हातात दावा पडतो ना, त्या क्षणी माणसाला आपल्याकडे बघितलेलं आवडत नाही. मी खाली बघतो."

"खाली काय दिसलं?"

"सपाता. राखाडी. टाचा मागून बाहेर आलेल्या, अशा दोन बोटं. मी विचारलं, इथंच राहता का? तो वळून स्वयंपाकघराकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'हे माझंच घर.' आता मला सांगा, सपाता घालून, कुत्र्याला कुरवाळत, पाहुणा दार उघडतो का?"

"तुमच्या घरी नाही उघडणार," ऑपल म्हणाली.

परतताना वेंडेल म्हणाला, "म्हणजे स्टॅनच. बिचारी बर्निस."

"तुम्हाला एक माणूस खोटारडा ठरवून झाला, आता दुसरा हवाय का?"

*कलम ९. कॅझ गोर्नी आईच्या अंत्यविधीनंतर त्या घरात गेलेला नाही.*

हे कॅझनं आपणहून सांगितलं. त्याचं दुकान हमरस्त्यावर होतं, काचांचं, थंडगार. शेजारी त्याचा वकील घड्याळ बघत बसला होता. अशिलाशी बोलू देतोय हेच उपकार, असा त्याचा चेहरा.

"घरात जायचं सोडा, ती गल्लीसुद्धा मी टाकली," कॅझ म्हणाला. "लांबून वळसा घालून जातो."

"का?"

"आईनं शेवटी कढया तिला दिल्या. माझ्या वाट्याला काय? आडनाव. मग म्हटलं, आडनाव तर आडनाव." तो हे बोलताना काउंटर पुसत होता. काउंटर स्वच्छच होता.

"केवढे हो तुमचे बूट," ऑपल म्हणाली. "या मापाचे मिळतात कुठं?"

त्याला नाइलाजानं हसू आलं. "मागवावे लागतात. आई म्हणायची, होड्या घालून फिरतोस."

वेंडेलला वाटलं, ही बाई मुद्द्याचं कधी विचारणार? म्हणून त्यानं स्वतःच विचारलं, "टिबेट्सवर तुमचा विश्वास आहे?"

"का नसावा? खोटं लिहिणारा माणूस सरळ पुढचं दार लिहून मोकळा झाला असता. त्यानं बाजूचं लिहिलं. पुढं पायऱ्या नसताना दुसरं काय करणार तो? गेलेलाच माणूस असं लिहितो."

"पटलं," वेंडेल पडेल आवाजात म्हणाला.

"मलासुद्धा," ऑपल म्हणाली. तिनं एक स्पंज कँडी तोंडात टाकली, बराच वेळ चघळली. "आईचीच चव आहे हो. अगदी तीच."

कॅझनं पुन्हा काउंटर पुसला.

*कलम १२.*

गुरुवारी, सुनावणीच्या आधी, कोर्टातल्या एका लहानशा खोलीत सगळे बसले. एका बाजूला बर्निस आणि स्टॅन, दोघांत एक खुर्ची रिकामी. समोर कॅझ आणि त्याचा वकील. टिबेट्सलाही बोलावलं होतं. तो आला नव्हता.

"जिथं आपल्याला खोटारडा म्हटलंय, त्या इमारतीत कोण येईल?" ऑपल म्हणाली. वेंडेल टेबलाच्या कडेवरचा चरा बघत राहिला.

"तर. आपण सगळ्यांनी दोनच शक्यता धरल्या. टिबेट्स खोटा, किंवा स्टॅन खोटा. दोघंही खरं बोलत असतील तर? तर त्या दारात तिसरा माणूस होता. टिबेट्सना तो घरचा वाटला, कारण सपाता. ते त्या वस्तीतले नाहीत. वेंडेल, त्या घरात राखाडी सपाता कोण घालतं?"

वेंडेलला आपला अंगठा आठवला. "पाहुणे."

"घरच्यांच्या वर जिन्यापाशी असतात. म्हणजे ज्या खुणेवरून टिबेट्सनी त्याला घरचा ठरवलं, त्याच खुणेवरून तो पाहुणा ठरतो. पण भलताच पाहुणा. पाखं गुडघ्यानं उचलायचं हे त्याच्या पायांना माहीत. वेंडेलना ते जमलं नाही, मला जमलं नसतं. आणि ज्याला जग आवडत नाही तो बिशप त्याला चिकटून उभा. बिशपला आवडणारी माणसं स्टॅननी तीन मोजली. एक मोजायचा राहिला. ज्यानं पिल्लू आणलं तो."

बर्निसनं मान वर केली.

"टाचा बाहेर आलेल्या," ऑपल पुढं म्हणाली, "कारण पायात होड्या. पण मोठ्या पायाची माणसं खूप असतात, म्हणून मी एवढ्यावर थांबले नव्हते. मिस्टर गोर्नी, टिबेट्स का खरे हे तुम्ही आम्हाला छान पटवून दिलंत. पुढं पायऱ्या नव्हत्या म्हणालात. त्या गुरुवारी उखडल्या, रविवारी नव्या बसल्या. प्रतिज्ञापत्रात पायऱ्यांचा उल्लेख नाही. जो माणूस ती गल्लीसुद्धा टाकतो, त्याला मधल्या दोन-तीन दिवसांतलं ते भगदाड कुठून दिसलं?"

"उत्तर देऊ नका," कॅझचा वकील म्हणाला. मग एकदम त्याचा चेहरा उतरला, कारण त्याला पुढचं कळलं होतं.

"हो," ऑपल त्याच्याकडे वळली. "दावा लावणाऱ्यानं स्वतः कागद बजावू नयेत असा नियम आहे. दावा लावणाऱ्यानं स्वतःच ते घेऊ नयेत असा नियम कुणी लिहिला नाही. असं कुणी करील हे कुणाच्या डोक्यातच आलं नसणार. पण तो त्या घरात राहत नाही, एवढं पुरे. बजावणी झालीच नाही. निकाल उभाच राहत नाही."

कॅझच्या वकिलानं पेन खाली ठेवलं.

"माझ्याकडे सपाता, कुत्रा आणि पायऱ्या आहेत," ऑपल म्हणाली. "तुम्ही 'अमान्य' म्हणालात तर न्यायाधीश कुणाचं ऐकतील सांगता येत नाही. कदाचित तुमचंच. तर कलम असं. त्या शुक्रवारी त्या दारात तुम्ही होतात."

कॅझ टेबलावर पसरलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"कॅझ," बर्निस म्हणाली. आवाज एवढा साधा होता की वेंडेलला तो ऐकण्याचीही लाज वाटली. "नाही म्हण. तू नाही म्हणालास तर मी धरीन खरं. आत्ता, सगळ्यांसमोर. म्हण."

तो गप्प राहिला. भिंतीमागच्या पंख्याचा आवाज येत होता. त्याच्या वकिलानं हळूच आपली फाइल मिटली.

"शुक्रवारी तू चर्चमध्ये असणार हे मला माहीत होतं," शेवटी कॅझ म्हणाला. "म्हणून शुक्रवारी आलो. कागद यायच्या आधी तोंडानं सांगायला गेलो होतो, असं मला स्वतःला सांगता यावं म्हणून. जुनी किल्ली होतीच. बूट काढले. आईच्या खुर्चीसमोर बसलो. तेवढ्यात तो आला."

"आणि कागद?"

"म्हटलं, तुझ्या हातात नको पडायला. वकिलाला सांगून दावा काढून घेऊ. दुसऱ्या दिवशी सांगू. मग ईस्टरची गर्दी. मग..." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मग निकाल आला. आणि तेव्हा सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं."

बर्निसनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती नवऱ्याकडे वळली.

"स्टॅन, मला वाटलं होतं की तू."

"माहीत होतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंच नाहीस."

ती उठली आणि मधल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली. मग भावाला म्हणाली, "चादर मी बांधली. काढायला तू ये. शिडी स्टॅन धरील, मी खाली उभी राहीन. सगळ्या गल्लीला बघू दे."

कॅझनं मान हलवली. वर बघणं काही त्याला जमलं नाही.

न्यायाधीशांसमोर कॅझचा वकीलच आधी उभा राहिला आणि निकाल रद्द करावा म्हणाला. फार वेळ लागला नाही.

*कलम १३. वेंडेल क्रॉफनं एका प्रामाणिक माणसाला लेखी, सही करून, खोटारडा म्हटलं.*

शनिवारी वेंडेल टिबेट्सच्या दारात उभा होता. हातात दुरुस्त केलेल्या अर्जाची प्रत होती आणि बर्निसनं दिलेला कँडीचा डबा, झाकणावर 'गोर्नी' छापलेला. घंटा न वाजवता हे पत्रपेटीपाशी ठेवून निघावं, असा विचार त्यानं केला. तो वाकलासुद्धा.

"दारात ठेवून जायचं नसतं," आतून आवाज आला. "हातात द्यायचं."

टिबेट्सनं दार उघडलं. मागं त्याची मुलगी उभी होती. त्यानं कागद घेतला, चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचला.

"मी तिथं गेलो होतो, असं लिहिलंय."

"हो."

"आणि मी खोटं बोललो नाही, असं."

"हो."

"आणि तुम्ही?"

उत्तराच्या जागा तीन होत्या. त्यातली 'माहिती नाही' ही वेंडेलनं आयुष्यभर वापरली होती आणि ती आजही वापरता आली असती. टिबेट्स या वेळी खाली बघत नव्हता. तो थेट चेहऱ्याकडे बघत होता.

"मान्य," वेंडेल म्हणाला.